कोंबडा, पोळपाट आणि टॅबची कळ

ये गं, अशी जवळ येऊन बस. तू पुण्यात आणि मी नाशकात, तरी बस. आणि कान पुढे कर, कारण तो मला धरायचा आहे. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, टॅब दाबला की पुढचं आपोआप येतं. त्यात एवढं सांगण्यासारखं काय आहे?" आपोआप म्हणे! बाई गं, आपोआप फक्त फडताळावर धूळ येते. बाकी सगळं कुणीतरी आणून ठेवलेलं असतं. तुमच्या पिढीला ताट वाढलेलं दिसतं, स्वयंपाकघरात कोण भाजलं ते दिसत नाही. मी भाजले आहे. तेव्हा हसू नकोस, ऐक.

तुला माहीतच आहे, मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग करायचे, हे तिथलं काम. स्टोअरला एक खिडकी. कामगार खिडकीशी येणार, भाग मागणार, आपण तो रॅकवरून काढून द्यायचा आणि पावती फाडायची. दहावी आणि टायपिंगच्या दोन परीक्षा एवढ्या शिदोरीवर मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले आणि पुढे त्या खिडकीत बसले ती बसलेच. नव्वदच्या पुढे कधीतरी तिथे कॉम्प्युटर आला. त्याला हात लावायला आमचे पुरुष घाबरत होते, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मग दोन हजार सालानंतर मुंबईच्या ऑफिसातून एक इंजिनिअर आला. जुनी सिस्टिम काढून त्याने लिनक्स घातलं, कारण ते फुकट. अर्धा दिवस शिकवलं, चहा घेतला आणि गेला. त्याचं तोंड पुन्हा आम्ही पाहिलं नाही.

पण त्या अर्ध्या दिवसात मला एक गोष्ट कळली. या काळ्या पडद्यावर आपल्या आपण कमांडी तयार करता येतात. त्याला फंक्शन म्हणतात. चार ओळी लिहायच्या, त्यांना नाव द्यायचं, आणि ते नाव हाकारलं की त्या चारही ओळी धावत येतात. मी तीन केली. 'कुठे', 'द्या' आणि आलेला माल नोंदवायला 'आला'. मराठी अक्षरं पडद्यावर उमटत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. 'कुठे' लिहून पुढे भागाचा नंबर टाकला की कुठल्या रॅकच्या कुठल्या कप्प्यात ते येई. 'द्या' लिहून नंबर आणि नग टाकले की प्रिंटर करकरत पावती काढी. शिकवायला कुणी नाही, हं. मशीनच्या पोटातच मदतीची पानं असतात, ती छापून घ्यायची आणि शब्दकोश उघडा ठेवून वाचायची. ती पानं ज्याने लिहिली त्याने जन्मात कुणाला सरळ पत्ता सांगितला नसणार. विचारावं शालिमार चौक कुठे, तर हा आधी रस्ता म्हणजे काय ते सांगणार.

असो. माझं छान चाललं होतं. मग दादा खिडकीत आले.

दादा म्हणजे पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरचे ऑपरेटर. गिरणारे गावाकडचे. घरची थोडी टोमॅटोची शेती, आणि वीस वर्षं कारखान्यात. एका सकाळी प्रेस खाली आला तेव्हा त्यांचा हात बाहेर यायचा राहिला. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी उरली. बरे होऊन आले तेव्हा त्यांना 'लाईट ड्यूटी' म्हणून माझ्याजवळ बसवलं. लाईट म्हणे! ज्या माणसाने आयुष्यात कागदावर सहीपलीकडे काही लिहिलं नाही, त्याला कॉम्प्युटरसमोर बसवायचं आणि वर त्याला हलकं काम म्हणायचं.

आमचे स्टोअरचे साहेब स्पष्टच बोलले. "तीन महिने बघू. तीन महिन्यांनी सकाळची शिफ्ट सुरू होताना एक तास मी स्वतः येऊन मागे उभा राहीन. एकट्याने खिडकी सांभाळली तर राहतील. नाही तर घरी पाठवू. मला लाइन थांबलेली चालणार नाही."

दादांची नोकरीची सात वर्षं राहिली होती. थोरली मुलगी नर्सिंगला, धाकटी अजून शाळेत. साहेब गेल्यावर दादा मला म्हणाले, "ताई, प्रेस चालवणं सोपं व्हतं. तो एकदाच चावतो."

त्यांची अडचण काय, ते नीट ऐक. आमच्या प्रत्येक भागाला अकरा अक्षरांचा नंबर. आधी तीन इंग्रजी अक्षरं, मग आडवी रेघ, मग सात आकडे. दादा डाव्या हाताच्या एका बोटाने ते टाइप करायचे. एक आकडा चुकला की भलताच भाग बाहेर. अकरा अक्षरं टाइप होईपर्यंत खिडकीबाहेर दहा माणसं, आणि त्यातला एखादा तरी ओरडणार, "ओ दादा, सोनं तोलताय का?"

फायलींची नावं टॅबने पुरी होतात, हे मला ठाऊक होतं. दोन अक्षरं टाकायची, टॅबची कळ दाबायची, बाकीचं येतं. मला वाटलं, वा! मग माझ्या 'द्या'च्या पुढेही तसंच येईल. दादांना म्हटलं, "द्या लिहा, मोकळी जागा सोडा आणि दोनदा टॅब दाबा."

त्यांनी दाबला. पडद्यावर यादी आली. त्यांनी ती एकेक अक्षर लावत वाचली आणि गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे वळले. "ताई, हितं तुमचा रजेचा अर्ज हाय. आन दिवाळीच्या फराळाची यादी हाय. कुणाला द्यू?"

म्हणजे त्या मशीनला एवढंच कळत होतं की टॅब दाबला की समोरच्या फायली दाखवायच्या. 'द्या' म्हणजे काय, त्याच्या पुढे काय यायला हवं, हे त्याला कोण सांगणार? मीच. आपोआप नाही, लक्षात घे.

मग कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत गेले. तिथली पोरं गाणी ऐकत बसलेली आणि मी पदर खोचून शेलची, म्हणजे त्या काळ्या पडद्याची, पानं छापून घेतेय. त्यात सापडलं. 'कम्प्लीट' नावाची एक कमांड आहे. तिला सांगायचं, की 'द्या'च्या पुढे या या शब्दांतून निवड. पाच नंबर घालून पाहिले. एकाची सुरुवात टाकून टॅब दाबला आणि आख्खा नंबर आला! मी दादांना हाक मारली, त्यांनी दाबला, पुन्हा आला. दादा म्हणाले, "आयला!" आणि लगेच जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं, टॅब दाबला, तर पुन्हा माझा रजेचा अर्ज.

रात्रीत विसरलं होतं ते. सांगितलेलं मशीन बंद करेपर्यंतच लक्षात ठेवतं. कायमचं हवं असेल तर बॅशआरसी नावाच्या लपवून ठेवलेल्या फाईलमध्ये लिहून ठेवावं लागतं. लिहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा रजेचा अर्ज! दोन दिवस मी त्या मशीनशी भांडले. शेवटी कळलं, की सकाळी नाव आणि पासवर्ड घालून आत शिरलं की ते दुसरीच फाईल वाचतं, बॅशआरसी वाचतच नाही. दोन डबे, दोन्हीत मीठ, आणि भाजीत कुठलं पडणार ते वेळेवर ठरणार. त्या दुसऱ्या फाईलमध्ये एक ओळ घालायची, की बाई गं, ती पहिलीही वाच. एवढंच. पण हे एवढंच कळायला माझे दोन दिवस गेले आणि दादांचेही दोन दिवस गेले. त्यांचे दिवस मोजलेले होते गं.

आणि वर लोडशेडिंग. कारखान्याला जनरेटर होता, पण तो प्रेससाठी. आमच्या खिडकीला कोण विचारतं? यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. तीस ओळी लिहून झाल्या की वीज जाणार, हे ठरलेलं. एकदा मी टेबलावर असा हात आपटला की चहाचा कप उडाला. दादा म्हणाले, "ताई, मशीनला राग कळत नाय. मी मारून बघितलाय."

पाच नंबर झाले, पण आमचे भाग नऊशेच्या वर. ते सगळे एका ओळीत थोडेच बसतात? तेव्हा यादी वेगळ्या फाईलमध्ये ठेवायची आणि टॅब दाबला की ती वाचणारं आणखी एक फंक्शन लिहायचं. फंक्शनला मदत करायला फंक्शन, म्हणजे थोरल्या जावेच्या हाताखाली धाकटी जाऊ. लिहिलं. टॅब दाबला. आणि काय सांगू, नऊशेच्या नऊशे नंबर एकदम त्याच ओळीत बदाबदा कोसळले! पडदा भरला, तरी थांबेना. दादा खुर्ची मागे सरकवून उभेच राहिले. त्यांना वाटलं, आपल्या हातून काहीतरी फुटलं.

चूक माझीच होती. उत्तरांची यादी कंसात घालून द्यायची होती, म्हणजे मशीन तिला सुटे सुटे शब्द समजतं. कंस नाही घातला, तर सगळं मिळून एकच उत्तर समजतं आणि आख्खं पोतं पुढ्यात ओततं. कंसाची एक जोडी! त्या जोडीपायी माझा आठवडा गेला. घरी भाकरी करपत होत्या आणि माझ्या डोक्यात कंस. तुझे काका ताटावरून म्हणाले, "आज भाकरीच्या दोन्ही बाजूंना कंस पडलेत." मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

पण झालं. दीड महिना संपता संपता टॅब चालायला लागला. अगदी तुझा चालतो तसा. मी दादांना खुर्चीत बसवलं आणि बाजूला झाले.

पहिलाच कामगार खिडकीशी आला. "दादा, कोंबडा द्या दहा."

दादांनी 'द्या' लिहिलं. टॅब दाबला. सगळ्या नंबरांची पहिली तीन अक्षरं सारखीच, त्यामुळे ती आली, रेघ आली, आणि मशीन टुंग करून थांबलं. आता पुढचा आकडा तुम्ही सांगा. दादा बसून राहिले. मग वाकून त्यांनी नंबरांचं जाडं रजिस्टर ओढलं आणि अंगठा-करंगळीने पानं उलटायला लागले.

"दादा, पुढचा आकडा टाका ना!"

"कंचा आकडा?" ते एकदम चिडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "ताई, वीस वर्सं म्या कोंबडा दाबलाय. डोळे मिटून सांगंन, कंच्या बाजूला धार ऱ्हाती. त्याचा नंबर मला कव्हा कुणी सांगितलाय?"

पंधरा वर्षं मी त्या खिडकीत बसले होते, पण एकाही कामगाराने मला नंबर सांगितला नव्हता. सगळे नावाने मागायचे. वरती तुऱ्यासारखा पत्रा असलेली पट्टी, ती कोंबडा. गोल सपाट तबकडी, ती पोळपाट. गाडीच्या पुढचा वळणदार भाग म्हणजे बाशिंग. एका भागाची धार किती घासली तरी राहायची आणि हाताला लागायचीच, तिला सगळा कारखाना सासू म्हणायचा. कामगार म्हणायचा "सासू द्या दोन", आणि मी मनातल्या मनात तिचा नंबर करून रजिस्टरला लिहायचे. मी इतकी वर्षं हे मधलं काम करत होते आणि मला पत्ता नव्हता! म्हणून तर मी यादी केली ती साहेबांच्या नंबरांची. दीड महिना खपून मी ज्याच्यासाठी टॅब बसवला, त्याच्या डोक्यात नसलेलीच गोष्ट त्याला पुरी करून देत होते. मला माझाच इतका राग आला म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी वही घेऊन शेडमध्ये. प्रेसवाले, रंगवाले, जोडणीवाले. "हा भाग दाखवते, याला तुम्ही काय म्हणता?" आधी लाजले, मग एकमेकांना ढकलत सांगायला लागले. तिथेही कटकट आहेच. प्रेसवाले ज्याला कोंबडा म्हणतात त्याला रंगवाले मोर म्हणतात. दोघांत भांडण लागलं, कोण बरोबर. मी म्हटलं, "बाबांनो, दोन्ही लिहिते, जेवा." मग फाईलमध्ये दोन रकाने केले. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला नंबर. टॅब दाबला की मशीनने नावं सुचवायची, आणि 'द्या'ने आतल्या आत नंबर शोधून पावतीवर नंबरच छापायचा. म्हणजे कामगार खूश आणि साहेबांचा कागदही साहेबांच्या भाषेत.

एका गोल, गुळगुळीत टोपीसारख्या भागाचं नाव सांगायला मात्र कुणी तयार होईना. सगळे खाली बघून हसत होते. शेवटी दादाच म्हणाले, "लिवा ताई. टक्कल."

आमच्या साहेबांच्या डोक्यावर केसाचं नाव नव्हतं. मी पेन खाली ठेवलं. दादा म्हणाले, "त्याला दुसरं नावच नाय, मंग काय लिवणार?" लिहिलं.

दादांचा हात बसायला लागला. इंग्रजी 'के' आणि 'ओ', टॅब, कोंबडा. 'एस' आणि 'ए', टॅब, सासू. उरलेल्या दिवसांत ते इतक्या जोरात दाबायचे, की त्या कळेवरचा रंग उडाला.

आणि तो दिवस आला. सकाळची शिफ्ट. साहेब नंबरांची छापील यादी हातात घेऊन दादांच्या खुर्चीमागे उभे. मला म्हणाले, "बाई, तुम्ही लांब बसा. बोलायचं नाही." मी लांब बसले.

सुरुवात बरी झाली. कोंबडा वीस, पोळपाट पाच, बाशिंग दोन. पावत्या फाडल्या जात होत्या, रांग पुढे सरकत होती. मग जोडणीतला एक जण आला. तोंड उघडलं, मागे साहेब दिसले आणि तोंड तसंच राहिलं.

"काय पाहिजे?" दादा.

"ते... ती... टोपी द्या चार."

टोपी? दादांनी 'टी', 'ओ' टाकलं. टॅब. टुंग. पुन्हा टॅब. टुंग. अशा नावाचं काही नव्हतंच यादीत! साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मागे रांग कुजबुजायला लागली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण बोलायचं नाही म्हणून बजावलेलं. दादा त्या माणसाकडे बघत राहिले. तो बिचारा घामाघूम, त्याने हळूच आपल्याच डोक्यावरून हात फिरवला.

दादांना कळलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले. लिहिलेलं पुसलं. 'टी', 'ए'. टॅब.

काळ्या पडद्यावर पांढरीशुभ्र अक्षरं उमटली. टक्कल.

साहेब वाकले. वाचलं. पुन्हा वाचलं. "हे काय आहे?"

"पार्टचं नाव हाय, साहेब."

"कोणी ठेवलं?"

मी छताकडे बघायला लागले. दादा म्हणाले, "लय जुनं नाव हाय, साहेब. तुम्ही आलात तव्हा तुमचे केस व्हते."

साहेबांचा हात नकळत डोक्याकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. तेवढ्यात प्रिंटर करकरला. साहेबांनी पावती ओढून घेतली आणि तिच्यावरचा नंबर आपल्या यादीशी एकेक आकडा जुळवून पाहिला. बरोबर. रॅक बरोबर, कप्पा बरोबर. पावती त्या माणसाला दिली आणि म्हणाले, "पुढचा." तास पुरा होईपर्यंत दुसरा शब्द नाही.

दोन दिवस नुसता जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. दादांची नेमणूक स्टोअरच्या खिडकीवर कायम. आणि खाली साहेबांच्या हातची एक ओळ, की यादीतली अनधिकृत नावं काढून टाकावीत.

दादांनी चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "यादीत टोपी घाला, ताई." मी टोपी घातली. टक्कल काढायचं मात्र मला काही जमलं नाही. म्हातारपणी माणूस विसरतो गं.

दादा त्या खिडकीत पुरी सात वर्षं बसले आणि हारतुरे घेऊन निवृत्त झाले. थोरलीला नोकरी लागली तेव्हा पहिला पेढा त्यांनी त्या कीबोर्डवर ठेवला होता. कळांत साखर गेली आणि मी ओरडले ते वेगळं. पुढे मुंबईहून नवं सॉफ्टवेअर आलं, माउसने टिचक्या मारायचं. त्यात कोंबडा नाही, सासू नाही. माझ्या यादीचे सगळे कागद मात्र मी घरी आणले. कपाटात आहेत.

त्यातली एक गाठ मला अजून सुटलेली नाही, आणि ती मला खाते. पोळपाट दोन होते, एक मोठा आणि एक लहान. पण दोन शब्दांचं नाव दिलं की मधल्या मोकळ्या जागेवर टॅब त्याचे दोन तुकडे करायचा, 'मोठा' वेगळं आणि 'पोळपाट' वेगळं. शेवटी मी मधे रेघ घालून वेळ मारून नेली. दादा अजून टोचतात, "ताई, त्या पोळपाटाला मधी काडी कशाला?" दर रविवारी येतात ते, टोमॅटो आणि कोथिंबीर घेऊन. गेल्या वेळी विचारत होते, "तुमची ती भाची पुण्यात हेच करती ना? तिला इचारा की."

तर विचारते आहे. फोनवर नको, फोनवर तू हसतेस. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने निघ, दुपारपर्यंत पोचतेस. दादा असतील. कागद काढून ठेवते, तुझा तो मांडीवरचा कॉम्प्युटर आण आणि आमच्या समोर बसून ती काडी काढून दाखव. भाकरी करपू देणार नाही. लवकर ये गं.